उपासाची भाकरी

आमचे सणसवाडीचे घरमालक आप्पा एकादशीला बाजरीची भाकरी आणि पिठलं खायचे, आणि एरवी भाकरीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा म्हणतो, अगं, तुझं काहीतरी उलटं होतंय. नाही हो, माझं काही उलटं होत नाहीये! उलटं होतं ते आप्पांचं डोकं, आणि त्या उलट्या डोक्यातलं गणित इतकं सरळ होतं की वाद घालायला गेलेला माणूस स्वतःच गप्प होऊन परत यायचा. मी तर कितीदा गप्प झाले. आणि मी गप्प बसणाऱ्यांतली नाही, दौंडच्या रेल्वे कॉलनीत कुणालाही विचारा.

लग्न झालं आणि मी दौंडहून सणसवाडीत आले. आमचे हे एका कंपनीत, मी दुसऱ्या कंपनीत क्वालिटीला. दोघांच्या शिफ्टा अशा की रविवारीच एकमेकांचं तोंड नीट दिसायचं. आप्पांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आमची खोली, शेजारी बिहारची, लातूरची, ओडिशाची पोरं, आणि खाली आप्पा आणि काकू दोघंच. मूळचे दोघं राहू गावचे. तिकडं ऊस होता, तो वाट्यानं दिलेला, आणि इकडं खोल्या. खाऊनपिऊन सुखी माणसं, असं मी म्हणणार होते, पण खाण्यावरूनच तर सगळं रामायण झालं.

सकाळी मी डबा भरत असले की जिन्यात चप्पल वाजायची. आप्पा दारात थांबायचे, नाक वर करून वास घ्यायचे आणि विचारायचे, "काय मारलं आज?"

पहिल्या दिवशी मी घाबरलेच. म्हटलं झुरळं-बिरळं म्हणतायत की काय. "काही नाही आप्पा, वरण केलंय."

"म्हंजी तूर मारली."

असं रोज. तूर मारली, तांदूळ मारला, मेथीचा जीव घेतला. शिजवलेलं अन्न त्यांच्या लेखी मेलेलं होतं. शेजारचा बिहारी पोरगा तर इतका तयार झाला होता की आप्पा दिसायच्या आधीच आतून ओरडायचा, "आप्पा, आज आलू मारा है!" आणि आप्पा खरंच हळहळायचे. चेष्टा वगैरे काही नाही, मनापासून. हातातलं गाजर त्या पोराला द्यायचे आणि म्हणायचे, "जिता खा रे, जिता."

हाच माणूस पूर्वी खाण्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होता म्हणे. काकू सांगायच्या, मासवडी केली की ह्यांच्यासाठी वेगळं पातेलं काढून ठेवावं लागायचं. लग्नाच्या पंगतीत वाढपी ह्यांच्या पानासमोरून हलायचे नाहीत. मग साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, गुडघे धरले, जिना चढताना मध्येच बसावं लागायला लागलं. मोबाइलवर रात्रंदिवस त्याच गोष्टी बघता बघता आप्पा कुठल्याशा निसर्गोपचाराच्या शिबिराला गेले आणि तिथून निराळेच आप्पा परत आले. आल्या आल्या चपलाही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि काकूंना म्हणाले, "आजपास्न माझ्यासाठी गॅस पेटवायचा न्हाई. आग लागली की अन्न मेलं. चूल म्हंजी सरण हाय सरण."

काकूंच्या हातात लाटणं होतं. त्या म्हणाल्या, "म्हंजी लगीन झाल्यापास्न मी मसणात बसलेय व्हय?"

हे मला काकूंनीच सांगितलं. हसत हसत सांगितलं आणि सांगता सांगता त्यांचा आवाज असा बसला की मला आप्पांचा संतापच आला. अहो, ज्या बाईनं जन्मभर एका माणसासाठी भाकरी थापली, पहिली फुगलेली भाकरी तव्यावरून थेट त्याच्या ताटात टाकली, तिला तुम्ही सरण म्हणता? काकूंना दुसरं काही नको होतं. दागिना नको, फिरायला जायला नको. ह्या माणसानं आपल्या हातचं खावं, आणि जमलं तर आपल्यासोबत बसून खावं, एवढंच. तेच नेमकं बंद झालं. त्या आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात बसायच्या आणि आप्पा बाहेर ओट्यावर मोड आलेली मटकी, भिजवलेले शेंगदाणे, मुळा, पालक, कांद्याची पात, पेरू असा बाजार मांडून बसायचे. घास बारीक होऊन त्याचं पाणी होईपर्यंत चावायचे. त्यांना काही विचारलं की एक बोट वर करायचे, म्हणजे थांब, चावतोय. मी कंपनीची बस चुकवलीय हो त्या बोटापायी!

पण गुण आला. खोटं कशाला बोलू? चार-सहा महिन्यांत पोट आत गेलं. साखर खाली आली, डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. गुडघे बोलायचे थांबले. जिन्यात बसणारे आप्पा गच्चीवर सकाळी झपाझप फेऱ्या मारायला लागले, आणि वर चढताना माझ्या दारावर थाप मारून जायचे, "उठा! मेलेलं खाऊन मेल्यावानी झोपताय!" चेहऱ्यावर अशी तकाकी की मलाही मोह झाला. मी जाहीर केलं, आजपासून मीही कच्चंच. आप्पांना काय आनंद झाला! त्यांनी स्वतः मटकी निवडून, भिजवून, फडक्यात बांधून दिली. कोबी दिला, बीट दिलं. दोन-तीन दिवसांत माझ्या पोटात असा काही तमाशा सुरू झाला की कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीजवळची जागा सोडेना आणि माझ्या शेजारी कुणी बसेना. मी आप्पांकडे जाऊन भांडले. ते शांतपणे म्हणाले, "पोटातला जुना कचरा निगतोय. लोकान्ला सांग, चांगली बातमी हाय." सांगते हो, बसमध्ये उभी राहून सांगते!

एकदा हिवाळ्यात ते आम्हाला राहूला हुरडा खायला घेऊन गेले. आगटी पेटली, कणसं भाजली, गूळ, शेंगदाण्याची चटणी, सगळे तुटून पडले. आप्पा मात्र आगटीकडे पाठ करून कोवळं कणीस तळहातावर चोळून तसंच खात होते. ओठांना पांढरा चीक. मधेच कुणीतरी कणीस आगटीत टाकायला वाकला की आप्पा ते हिसकावून घ्यायचे आणि म्हणायचे, "एक वाचिवलं." त्या दिवशी त्यांनी इतकी कणसं वाचवली की परतीच्या वाटेवर जीप ठिकठिकाणी थांबवावी लागली. काकू पुढच्या सीटवर पदर तोंडाला लावून हसत होत्या. आप्पा पाण्याची बाटली घेऊन परत आले की त्या विचारायच्या, "काय वो, जितं व्हतं ना? मग पळणारच." आप्पाही हसायचे. आतून राग नव्हता त्यांच्यात कुणाविषयी.

आता एकादशीचं सांगते. कच्चं सुरू झाल्यानंतरची पहिलीच एकादशी. काकू सकाळी भगर धूत होत्या. आप्पा आत आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "मला भाकर टाक."

काकूंच्या हातातलं भांडंच निसटलं. आधी आनंद झाला, मग आठवलं. "अवो, आज एकादशी हाय!"

"म्हनूनच म्हन्तो. उपास म्हंजी काय गं? रोजचं सोडायचं, बरूबर? तू रोज भाकर खाती, म्हनून तू आज भाकर सोडली. मी रोज गाजर खातो. मी गाजर सोडलं. आता गाजर सोडल्यावर मानसानं खायाचं काय? भाकर."

"देव काय म्हनंल?"

"देवाला त्याग लागतो. मी क्येलाय त्याग. आता पिठलं पातळ कर जरा."

सांगा, काय बोलणार? गावातले टाळकरी लोक आले समजवायला. आप्पांनी त्यांनाही हेच विचारलं, आणि शेवटी त्यांच्यातलाच एक म्हातारा मान हलवत म्हणाला, बोलतोय तर बरूबर. काकूंनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी देवापुढं हात जोडले आणि परात ओढली. त्या दिवसापासून ती बाई एकादशीची वाट कशी बघायची म्हणून सांगू! आदल्या दिवशी बाजरी ताजी दळून आणायची, वांगी निवडून आणायची. आप्पा जेवायचे आणि काकू समोर बसून बघायच्या. स्वतः उपाशी. कारण त्यांची एकादशी खरी एकादशी होती, धान्याचा कण चालत नव्हता. रोज त्या शिजवलेलं खायच्या तेव्हा ह्यांचं कच्चं, आणि ह्यांनी भाकरी खाल्ली की त्यांची भगर. एका घरात राहून दोघांच्या पोटात एका दिवशी एक अन्न म्हणून जायचं नाही. मला ते बघवायचं नाही. पण काकू खूश होत्या. म्हणायच्या, "खात्यात ना माझ्या हातचं, बास झालं."

मग दुधी झाला. कंपाउंडच्या भिंतीकडेला आपोआप एक वेल उगवला होता. कुणी लावलेला नाही, पाणी घातलेलं नाही, आणि चांगले लांबसडक दुधी लागले. आप्पांना वाटलं हा देवाचाच प्रसाद. उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी दुधी काढला, सालासकट मिक्सरमध्ये घातला आणि रसाचा ग्लास घेऊन ओट्यावर आले. नेमकी मी कामावर निघालेली. "घे पोरी, निम्मा तुला." मी बोट बुडवून जिभेला लावलं आणि जागीच थुंकले. कडू म्हणजे किती कडू! कारलं परवडलं.

"आप्पा, टाकून द्या हो, हा कडू आहे."

"कडू हाय म्हनूनच गुणकारी. पाडव्याला लिंब खाता ना? काढा पिता ना? मग?" आणि नाक दाबून त्यांनी अख्खा ग्लास पोटात रिता केला.

मी बसस्टॉपवर पोचते न पोचते तोच घरून फोन. ओकाऱ्या, जुलाब, बीपी खाली, डोळे वर. शिक्रापूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा आप्पांचे हात बर्फासारखे होते. डॉक्टरबाईंनी दुधीचं नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "कडू दुधी म्हणजे विष. माणूस दगावतो." सबंध दिवस सलाईनवर सलाईन चाललं. काकू कॉटची कड धरून उभ्या होत्या आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "एक कापा जिभेवर ठिवून बघायचा असतो. मी रोज बघते. मला चिरू दिला असता तर."

खरंच की. कुठलीही बाई दुधी चिरताना आधी एक चकती चाखून बघते. कडू निघाला तर उकिरड्यावर. ह्यात काही मोठं शास्त्र नाही, आमच्या दौंडला माझी आई पण हेच करते. पण आप्पांनी आपलं खाणं काकूंच्या हाताखालून काढून घेतलं होतं, त्यामुळं तो एक कापा कुणी चाखलाच नाही.

आप्पा वाचले. शुद्धीवर येऊन उठून बसले आणि आम्हाला वाटलं, आता तरी हे खूळ जाईल. कसलं हो! आप्पा डॉक्टरबाईंना विचारतात, "शिजवला असता तर इख गेलं असतं का?" त्या म्हणाल्या, "नाही, शिजवूनही विषच." झालं! "मंग? चूक दुधीची हाय. कच्च्याची न्हाई." डॉक्टरबाई हसायला लागल्या, पण मग खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि नीट समजावून बोलल्या. आप्पा, तुमची साखर आटोक्यात आली, वजन उतरलं, हे चांगलंच झालं. कच्ची भाजी, फळं, मोड खा, भरपूर खा. पण आता तुमचं वजन नको तितकं उतरलंय. रक्त कमी आहे, बी-ट्वेल्व्ह तळाला गेलंय, तुमच्या पायांना मुंग्या येतात त्या त्यामुळं. अर्धं ताट कच्चं असू द्या, पण अर्ध्यात डाळ, भाकरी, दही, अंडं पाहिजेच. नाहीतर एक दिवस हे पाय उचलायचे नाहीत.

आप्पांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं ताबडतोब कबूल केली. म्हणाले, "त्ये काय शिजवलेलं नसतं." ताटाचं मात्र नाही म्हणाले. गाल बसलेले, पँटला दोरी बांधलेली, उन्हाळ्यात अंगात स्वेटर, पण नाही म्हणजे नाही. शब्द दिला होता म्हणे शिबिरात.

त्या संध्याकाळी काकूंनी मला खाली बोलावलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढं ठेवलं. "पोरी, हे बघ. एकादशीला खात्यात. म्हंजी उपासाला खात्यात. मग उपास वाढवायचे."

अहो, काय डोकं! मी टाळीच दिली त्यांना. दुसऱ्या दिवशी काकूंनी आप्पांना सांगितलं, दवाखान्यात तुम्ही पडला होतात तेव्हा मी महादेवाला बोलले होते की जोडीनं सोमवार धरू. आप्पा शब्दाचे पक्के. "बोललीस? मंग धरायलाच पायजे." सोमवारी भाकरी आणि हुलग्याचं माडगं. पुढच्या महिन्यात संकष्टी आली. मग मारुतीला शनिवार. मग गुरुवार. मी एकदा हळूच विचारलं, "काकू, खरंच बोलला होतात का एवढ्या देवांना?"

"तवा न्हाई बोलले तर आता बोलते. देवाला तारीख लागत न्हाई."

आमचा डाव रंगात आला होता, मजा यायची! मी कामावरून आले की आधी खाली जाऊन विचारायची, आज काय खाल्लं आप्पांनी? काकू पातेलं तिरकं करून रिकामं दाखवायच्या. दह्याची वाटी चाटून पुसून. आप्पांच्या गालावर मांस दिसायला लागलं, स्वेटर खुंटीवर गेला. एका संकष्टीला तर काय गंमत झाली! चंद्र बघायला सगळे गच्चीवर. चंद्रोदय झाला, काकूंनी ओवाळलं, नैवेद्य दाखवला, आणि आता उपास सोडायचा. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला. आणि आप्पांनी चंद्राला नमस्कार करून खिशातून गाजर काढलं आणि कडाडकन चावलं. त्यांचाही उपास सुटला होता ना! दिवसभर भाकरी खाऊन बिचाऱ्याला गाजराची भूक लागलेली. बिहारी पोरगा हसता हसता टाकीच्या कठड्यावरून पडायचा राहिला. मीही पोट धरून हसले. मग काकूंकडे लक्ष गेलं. त्यांनी तो तुकडा तसाच ताटात ठेवला होता आणि आप्पांकडे बघत होत्या. काकूंची भाकर सुरू झाली तशी आप्पांची भाकर संपली. चंद्र एकच, पण ताटं दोन.

आणि एक गोष्ट त्या हसण्याखिदळण्यात कुणीच बघत नव्हतं. प्रत्येक उपास आप्पांसाठी जेवण होतं, पण काकूंसाठी उपासच होता. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. पोटात चहा, शेंगदाणे, कधी भगर. संध्याकाळी सोडायचा म्हटलं तरी आप्पा गाजर खाणार, मग एकटीसाठी तवा कोण ठेवणार? कपभर दूध पिऊन झोपायच्या. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. पित्त व्हायचं, डोळ्यांपुढं काजवे यायचे. मी रागावले, "काकू, पुरे करा आता. आप्पांच्या अंगावर आलं ते तुमच्या अंगावरचं गेलं." तर म्हणतात, "मला सवय हाय गं उपासाची. ह्यांचे पाय उचलले पायजेत." आणि मला शपथ घातली, ह्यांना सांगायचं नाही म्हणून.

एकादशीलाच झालं. माझी दुसरी पाळी होती, मी घरी होते. खाली परात आदळल्याचा आवाज आला. मी धावले. काकू ओट्याजवळ खाली पडलेल्या, सगळ्या अंगावर बाजरीचं पीठ, आणि तव्यावर भाकरी जळून कोळसा व्हायला लागलेली. मी गॅस बंद केला आणि असे बोंबलले की आप्पा गच्चीवरून मटकीचं फडकं हातात घेऊनच खाली आले. जीप काढली. तोच दवाखाना, त्याच डॉक्टरबाई. त्यांनी काकूंचा डोळा खाली ओढून बघितला, बीपी बघितलं आणि विचारलं, "ह्या काय खातात?"

आप्पा म्हणाले, "ह्या? ह्या खात्यात की समदं. शिजवलेलं."

मग माझी शपथ कुठली टिकतेय! मी तिथंच, दवाखान्याच्या बोळात, सगळ्यांसमोर तोंड सोडलं. "काही खात नाहीत त्या आप्पा! तुम्हाला भाकरी मिळावी म्हणून त्या उपाशी राहतात! महादेवाला नाही बोलल्या आणि मारुतीलाही नाही बोलल्या. तुमचे पाय राहावेत म्हणून एकेक वार शोधून काढला त्यांनी, आणि तुम्ही रात्री त्यांच्यासमोर गाजरं मोडताय! एकदा तरी विचारलंत, तू जेवलीस का?"

आप्पांनी ह्या वेळी बोट वर केलं नाही. म्हातारा माणूस असा उभा राहिला की मलाच कसंतरी झालं. मग ते वळले, बाहेर गेले, आणि जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मला इतका राग आला! म्हटलं, गेले. बायको आत पडलीय आणि हे गेले आपली मटकी बघायला.

संध्याकाळपर्यंत मी काकूंजवळ बसले. सलाईन संपत आलं तशी त्यांना तरतरी आली. पहिला प्रश्न, "ह्यांनी खाल्लं का? भाकर तव्यावर व्हती." मी त्यांचं पांघरूण नीट केलं. डॉक्टरबाई येऊन सांगून गेल्या, आता थोडं थोडं खायला घाला ह्यांना.

तेवढ्यात आप्पा आले. हातात स्टीलचा डबा. सदऱ्यावर, मिशीवर, कानावर पीठ. उजव्या हाताची दोन बोटं भाजून लाल झालेली, त्यावर काहीतरी पांढरं फासलेलं. ते कॉटजवळ आले आणि काकूंकडे न बघता म्हणाले, "मी उपास सोडला."

काकूंचा चेहराच पडला. त्यांच्या घरात उपास सोडणं म्हणजे गाजर. "सगळे?"

"सगळे."

"म्हंजी आता रोजच कच्चं." काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "कशापायी वो? कुठं चुकलं माझं?"

"तसं न्हाई गं येडे!" आप्पा एवढ्या मोठ्यानं बोलले की शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. "उपास माझाबी सुटला आन् तुझाबी सुटला. आता कंचा वार न्हाई आन् काय न्हाई. तू खाशील तेच मी खाईन. तू बसशील तितंच बसून खाईन. काकडी-गाजर खायाचं तर तेबी दोघांनी."

त्यांनी डबा उघडला. आत भाकरी होती. म्हणजे ती भाकरी आहे असं मी धरून चालले. एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली, मधोमध काळा डाग. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांनी गॅस पेटवला होता, पीठ मळलं होतं, भाकरी थापून तव्यावर टाकली होती.

काकू भाकरीकडे बघत राहिल्या. "तुमी केली?"

"मंग कोन करनार? कडंनी फाटली जरा."

"अवो, पन आज एकादशी हाय."

"हाय की. त्याचं काय त्ये देवाला मी सांगतो. तू आ कर."

आप्पांनी तुकडा मोडला आणि काकूंच्या तोंडात घातला. दुसरा मोडून स्वतःच्या तोंडात घातला. मी त्या खोलीत इतके दिवस त्यांना ओळखणारी एकटीच माणूस होते, आणि दोघांच्या तोंडात एका वेळी एकच घास मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. मी सरळ रडायला लागले. लाजायचं काय त्यात?

काकू सावकाश चावत होत्या. चावता चावता थांबल्या. आप्पांच्या तोंडाकडे बघितलं, मग डब्याकडे, आणि ओठ दाबून हसू आवरायला लागल्या.

"काय गं? काय झालं?"

"कच्ची राहिलीया वो."

आप्पांनी घाबरून काकूंच्या तोंडापुढं ओंजळ धरली. "थुक, थुक आदी! कच्चं खाऊ नगंस गं, बाधंल तुला."